मालू दिवेवाली

खरं सांगतो, मालूचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. ती डोळखांबकडच्या एका पाड्यावरची, नववी झालेली बाई. तीन आठवड्यांचं ट्रेनिंग घेऊन आली आणि ओट्यावर बसून लोकांचे एलईडी बल्ब, सौर कंदील दुरुस्त करू लागली. बल्ब उघडते, जळालेला ठिपका शोधते, चिमट्याने नवा बसवते. नाचणी कापायच्या दिवसांतसुद्धा तिच्या ओट्यावर माणसं असतात. माझ्या वर्गात पोरं हजेरीपुरती येतात.

गेल्या नवरात्रात पाड्याचा सौरपंप बंद पडला. विहिरीचं पाणी वरच्या टाकीत चढेना आणि बायका पुन्हा हंडे घेऊन टेकडी चढू लागल्या. ग्रामसेवकांनी मला बोलावलं. मालूला नाही, मला! मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, मीटर लावला आणि सांगून टाकलं, "पॅनेलं गेली. नवीन मागवा." नवीन यायला वर्ष तरी गेलं असतं.

पॅनेलांच्या खांबावर लखमाबाबाने शिराळीचा वेल चढवला होता. मोकळा खांब दिसला की त्यावर वेल सोडायचा, ही इथली रीतच. "पानांनी काय व्हतं का, सर?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी हसलो. "दोन पानांची सावली, दोन पानांएवढीच वीज कमी."

तेवढ्यात मालू आली. तिने हाताने पानं बाजूला उचलली. पाइपात पाणी गुरगुरलं. पानं सोडली, पाणी थांबलं. पुन्हा उचलली. बायका हसायला लागल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सगळं सेल एकामागं एक जोडलंय," ती लखमाबाबाला म्हणाली. "एक अडला का सगळं अडतं. सावली पडली का वीज मागच्या डायोडातनं त्या सेलला वळसा घालून जायची. तो डायोडच जळलाय, बाबा."

तिने पॅनेलमागची डबी उघडून नवा डायोड बसवला. पंप चालू झाला, वेलही राहिला. एकामागे एक जोडणी तर मीच दरवर्षी फळ्यावर काढतो!

ती मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. जळका डायोड तळहातावर धरून म्हणाली, "सर, ह्याच्यातनं वीज एकाच बाजूनं का जाते? ट्रेनिंगला कोनी सांगितलंच नाय. तुमाला ठावं आसंल."

मला ठाऊक होतं. सिलिकॉनच्या एका बाजूला जादा इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला रिकाम्या जागा, मध्ये दोघांची हद्द. एका दिशेने जोर लावला की ती हद्द मिटते, उलट लावला की रुंदावते. दहा मिनिटांत कळलं असतं तिला. बावीस वर्षांत एकाही पोराने हा प्रश्न मला इतक्या ओढीने विचारला नव्हता.

"ते बारावीचं आहे," मी म्हणालो. "तुला नाही कळायचं. आणि मला टाइम नाही."

"बरं, सर," म्हणत तिने डायोड कनवटीला खोचला.

एसटी यायला अजून पाऊण तास होता.