चार सिलिंडरचा श्रीरंग

नेपरव्हिलला आमच्या शेजारी श्रीरंग राहतो. पुणं सोडून त्याला चोवीस वर्षं झाली, पण कुठलीही गाडी दिसली की त्याचा पहिला प्रश्न अजून तोच असतो, एव्हरेज किती देते? अमेरिकेत भल्यामोठ्या पिकअप ट्रकबद्दल हा प्रश्न कोणी विचारत नाही. श्रीरंगने शोरूममध्ये तो विचारला, उत्तर त्याला आवडलं आणि त्याने सगळ्यात मोठा ट्रक सगळ्यात लहान इंजिनासकट घेतला.

बाकीचे लोक आठ सिलिंडरचं इंजिन घेतात. याचं चार सिलिंडरचं, आणि त्याला टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा, चौघांकडून आठांचं काम काढून घेणारा. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," असं श्रीरंग सेल्समनला मराठीतच म्हणाला, आणि त्या बिचाऱ्याने मान डोलावली. इथेच जन्मलेला त्याचा मुलगा देवांग म्हणाला, "बाबा, दॅट्स अ लॉनमोअर इंजिन." ट्रकला गवत कापायचं यंत्र म्हटल्यावर बापलेकांत दोन दिवस अबोला होता.

मला कोणी विचारलं नाही, पण माझं मत असं की आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीन वर्षांत दोनदा टर्बो गेला. दोन्ही वेळा वर्कशॉपने त्याला तात्पुरती एक एवढीशी गाडी दिली. तिच्यात गुडघे हनुवटीला लावून तो आठवडा-आठवडा फिरला आणि भेटेल त्याला सांगत राहिला की ट्रक सर्व्हिसिंगला टाकलाय.

यात थोडा दोष श्रीरंगचाही आहे. तापलेल्या टर्बोला गाडी थांबल्यावर मिनिटभर विसावा द्यावा, मग इंजिन बंद करावं, असं मेकॅनिकने त्याला तीनदा समजावलं. पण ज्याने लकडी पुलाच्या सिग्नलला स्कूटर बंद करून पेट्रोल वाचवलं, त्याला हे कसं पटणार? या ट्रकला सिग्नलला आपोआप बंद होण्याची सोय आहे. तरी ट्रकच्या आधी आपण बंद करायचं, अशी त्याची ट्रकशी शर्यत चालते.

एवढं सगळं असून गावात कोणाचं घर बदलायचं असो, सोफा हलवायचा असो, हा न बोलावता हजर. भर बर्फात माझा फ्रिज त्यानेच आणला. फ्रिजच्या दाराला त्याने पाडलेला ओरखडा मी विसरलेलो नाही, आणि तो आला होता हेही विसरलेलो नाही.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. त्याची बायको कांचन अठरा वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत विंगेत बसून दुसऱ्यांना वाक्यं पुरवत आली. त्या वर्षी पहिल्यांदा तिने स्वतः एकांकिका बसवली. तासाभराच्या अंतरावर शॉमबर्गला स्पर्धा होती. दुपारी तीनला सेट हॉलवर नसेल तर नाटक बाद, असा नियम होता. सेट म्हणजे अख्खी बैठकीची खोली, भिंत, खिडकी, दार, दिवाण. कांचन म्हणत होती, व्हॅन भाड्याने घेऊ. श्रीरंगला ते फार लागलं. घरात ट्रक असताना भाड्याची व्हॅन? मी आणतो, असा त्याने तिला शब्द दिला.

बुधवारी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. श्रीरंगने त्यावर टोलचा जुना स्टिकर चिकटवला आणि मला गप्प राहायची शपथ घातली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं.

शनिवारी बारा वाजता ट्रकवर सेट लादून आम्ही दोघं निघालो. नाटकात मी हवालदार होतो. वेळ वाचावा म्हणून घरूनच खाकी कपडे, टोपी आणि चिकटवलेली मिशी अशा थाटात बसलो होतो. हायवेवर एका पुलाच्या चढावर इंजिनातून कुकरसारखी शिट्टी सुरू झाली, मग मागून पांढरा धूर आला आणि वेग वीस मैलांवर उतरला. जरा दम लागलाय त्याला, असं श्रीरंग म्हणाला. पुढच्या मिनिटाला ट्रक कडेला गपगार उभा राहिला.

बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणाऱ्या टो-ट्रकला फोन केला आणि वाट बघत बसलो. मी खाली उतरून उभा राहिलो तर माझी खाकी बघून येणाऱ्या गाड्या वेग कमी करायला लागल्या. एकाला मी सलामही ठोकला, खोटं कशाला बोलू.

श्रीरंग मात्र स्टिअरिंग धरून बसला होता. "मनोहर, अठरा वर्षं ती अंधारात बसली रे," तो म्हणाला. "आज तिचं नाव पुकारणार, आणि मी एव्हरेज बघत बसलो." त्याचा चेहरा बघून मला भडभडून आलं. एरवी मी त्याची यथेच्छ टिंगल केली असती.

दीडच्या पुढे टो-ट्रक आला. नियमाप्रमाणे गाडी एक तर वर्कशॉपला जाईल नाहीतर मालकाच्या घरी, असं ड्रायव्हरने सांगितलं. श्रीरंगने क्षणभर विचार केला आणि घराचा पत्ता म्हणून शॉमबर्गच्या हॉलचा पत्ता दिला. ड्रायव्हरने मागची भिंत, खिडकी, दार, दिवाण पाहिला, माझी मिशी पाहिली, आणि काही न विचारता सगळा ट्रक सेटसकट आपल्या गाडीवर चढवला.

हॉलच्या मागच्या दाराशी पोचलो तेव्हा तीनला अकरा मिनिटं कमी होती. टो-ट्रकवर पिकअप, पिकअपवर बैठकीची खोली. स्पर्धेचे सगळे संघ फोन काढून उभे. पायरीवर कांचन.

श्रीरंग खाली उतरून सरळ तिच्यापाशी गेला. "दिवा बुधवारपासून लागला होता," तो म्हणाला. "मी झाकून ठेवला."

"माहितीये. गुरुवारी मी तो स्टिकर उचलून बघितला."

"मग व्हॅन का नाही सांगितलीस?"

"सांगितली होती. आज सकाळी कॅन्सल केली."

"कॅन्सल? का?" श्रीरंगने विचारलं. मलाही काही कळेना.

"अरे, ट्रक बंद पडणार हे ठाऊकच होतं," कांचन म्हणाली. "पण आणतो म्हणालास ना? तू डोक्यावरून आणलं असतंस. आता दार उतरव, नऊ मिनिटं राहिलीत."

त्या दाराला तिघं लागतात. श्रीरंगने ते एकट्याने उचललं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून सगळ्यांसमोर तसाच रडत आत गेला.