स्पेनबद्दल मी गयाबाईंना काय सांगितलं

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. गावाला तर उलटंच माहीत आहे — त्यांच्या लेखी त्या दिवशी मी गावाचं भलं केलं. माझा सत्कार झाला, शाल पांघरवली, नारळ दिला. मी तो घेतला.

मी बदनापूरला एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. दरवर्षी स्पेन शिकवतो, आणि चांगला शिकवतो, एवढं खरं. हुकूमशहा मेला, कालचे वैरी एका टेबलाशी बसले, जुनं उकरायचं नाही असं ठरलं आणि लोकशाही आली. इथवर पोरं माना डोलावतात. मग मी पुढचं सांगतो. यादवी युद्धात मारून रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पुरलेले आजोबा नातवंडं आजही शोधतायत, कित्येकांना अजून सापडलेले नाहीत. उकरायचं की नाही यावरून तिथले पक्ष आजही एकमेकांच्या अंगावर जातात. कुणाला धड बहुमत नाही, सरकार प्रादेशिक पक्षांच्या टेकूवर. फुटून निघायला बघणाऱ्यांना माफी द्यावी का, यावर देश दुभंगलेला. आणि या सगळ्याला विटलेली तरुण पोरं कडव्या भाषणांना टाळ्या वाजवतायत.

हे मला पाठ आहे. पुढे जे केलं ते न कळून केलेलं नाही — म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझं गाव आष्टीच्या अलीकडे. मला आठवतं तेव्हापासून सरपंचकी माझ्या काकांच्या घरात. गेल्या निवडणुकीला पद महिलेसाठी राखीव झालं, काकांच्या सूनबाईंनी अर्ज भरला आणि नेहमीसारखं ठरलं — बिनविरोध. तुम्हाला ही तऱ्हा ठाऊक असेल. मारुतीच्या पारावर बैठक बसते, जे गप्प बसतात त्यांचा होकार धरला जातो आणि पेपरात गावाच्या एकीचा फोटो येतो.

गयाबाईंनी तरीही अर्ज भरला. मेंढरं राखणारं घर त्यांचं. काकांनी गायरानाला तार मारून आत मोसंबी लावली होती, मेंढरांना तोंड घालायला जागा उरली नव्हती. गायरान मोकळं व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि त्या निवडून येत होत्या! मेंढपाळांची सगळी वस्ती त्यांच्या मागे होती, आमच्या भावकीतलेही काही आतून फुटले होते. काकांना वास लागला. त्यांनी मला फोन केला. दमदाटीचं काम मला सांगितलं नाही, त्याला त्यांच्याकडे वेगळी माणसं होती. "तुझं ऐकती ती," एवढंच म्हणाले. ऐकणारच. त्यांच्या मुलीला कॉलेजात मीच प्रवेश मिळवून दिला होता.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी, परतूरला तहसीलच्या आवारात, लिंबाखाली मी त्यांच्याशेजारी बसलो. मुदत संपत आलेली. मी घाबरलो होतो — कशाला? काकांना? त्यांनी मला शिकवलं, त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. पण तेवढंच असतं तर सरळ म्हणालो असतो, काकांसाठी माघार घ्या. तसं म्हणालो का? नाही. मला भित्रा व्हायचं होतं आणि सज्जनही दिसायचं होतं. म्हणून मी त्यांना स्पेन सांगितला.

अर्धाच सांगितला. टेबलापर्यंतचा. माणसं मारली गेली होती तरी लोक गप्प राहिले, भांडले नाहीत, आणि म्हणूनच देश उभा राहिला — असं म्हणालो. वर्गातल्यापेक्षा रंगवून सांगितलं. गयाबाई पदर सावरून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मंग सर, ज्याचं गेल्तं, त्याला ते माघारी भेटलं का?"

इतक्या वर्षांत वर्गात हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर मला येत होतं.

"भेटलं," मी म्हणालो. "सगळं भेटलं."

त्या उठल्या, आत गेल्या आणि सही करून आल्या. मी त्यांना चहा पाजला — तेही सांगून टाकतो.

तार तशीच राहिली. वर्षाच्या आत त्यांनी मेंढरं विकली. नवरा आता शहागडला ट्रकवर माल चढवतो. मला हे कळत होतं आणि मी दरवर्षी वर्गात स्पेन शिकवत होतो — पूर्ण स्पेन, खड्ड्यांसकट.

परवा आष्टीच्या बाजारात गयाबाई भेटल्या. निवडणूक पुन्हा लागलीय, अर्ज भरायची मुदत अजून आहे. मी विचारलं, या वेळी?

"न्हाई सर. पोरगी म्हणून राह्यली, भर. म्या तिला म्हणलं, सरांनी सांगितलंय ना, गप राह्यलं की भेटतं. जरा येळ लागतो. आम्ही वाट बघून राह्यलो."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणालो, "बरोबर आहे."