चहानंतर पाणी नाही

माझ्या मावसभावाचा, अनिलचा, पडेगावहून फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "ताई, आई गेली. झोपेतच गेली, काही त्रास झाला नाय." हेच वाक्य तो तेराव्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होता...

सुमनमावशी मूळची पैठणची, भर गोदावरीत पोहणारी मुलगी. पुढं शाळेत शिक्षिका झाली. मावसा अकाली गेल्यावर एकटीनं अनिलला वाढवलं, घर बांधलं. खुब्याचं हाड मोडलं आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत तिची खाट पडली. एकदा गेले तर तिचे ओठ फुटलेले, जीभ कोरडी. संध्याकाळच्या चहानंतर तिला पाणी द्यायचं नाही, असं ठरलं होतं म्हणे, रात्री अंथरूण ओलं होतं म्हणून. मी विचारलं तेव्हा अनिलची बायको रागावली नाही, थकल्या आवाजात म्हणाली, "धुणार कोण, ताई? तुम्ही येता का रोज?" बाई ठेवू म्हटलं, तर आईला परकं माणूस चालत नाही म्हणून अनिलनं विषय संपवला. कुणी हात उगारला नव्हता. वळ नाही, जखम नाही, दाखवणार काय?

थोडे दिवस मी तिला चिकलठाण्याला माझ्याकडं आणलं. पाहुणे नावं ठेवतात म्हणून अनिल येऊन घेऊन गेला. मग मात्र मी पोलिसांत तक्रार केली. चौकशीला एक बाई आल्या. मावशी पदर सावरून बसली आणि म्हणाली, "माझा लेक लई चांगलाय. हिला वाढवून सांगायची सवय आहे." त्या बाई बाहेर गेल्यावर तिनं माझा हात धरला. "तू जाशील गं तुझ्या घरी. मला इथंच राहायचंय ना..."

त्यानंतर मला त्या घराचं दार बंद झालं. किडन्या गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे नंतर कळलं. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. तेराव्याला तिच्या फोटोपुढं तांब्या काठोकाठ भरून ठेवला होता. कुणालाच काही वाटलं नाही.

माझ्याकडं होती तेव्हा उशाशी पाणी असूनही ती पेला उचलून आधी दाराकडं बघायची आणि हळूच विचारायची, "पिऊ का?" "पी ना गं," मी म्हणायची. तरी दोनच घोट घेऊन ती पेला झाकून ठेवायची. आता दिवेलागणीला मी पाणी प्यायला पेला उचलते, तर माझीच नजर आधी दाराकडं जाते.