चार वाजताची धार

आमच्या काकांना सगळे 'मापकाका' म्हणतात. चौतीस वर्षं ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. दुकानात शिरले की दुकानदाराचा हात आपोआप काट्याखालून बाहेर यायचा. माणसाच्या चेहऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, काट्यावर होता, आणि तोही स्वतः आणलेल्या वजनांनी तपासून झाल्यावर. लग्नात म्हणे त्यांनी वरमाला हातात घेऊन आधी वर-खाली करून बघितली होती. काकू अजून सांगते, "मला वाटलं, वास घेताहेत. नंतर कळलं, वजन बघत होते."

काकूची नोकरी टेलिफोन खात्यात. उभ्या शहराचं बोलणं तिच्या कानांवरून गेलं, पण त्यातलं एक अक्षर कधी तिच्या ओठांवर आलं नाही. ऐकायचं आणि पोटात ठेवायचं, ही सवय तिला तिथेच लागली. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडणार आहे.

दोघं निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी काकूचा थोरला भाऊ वारला. एकटाच होता. मागे उरला शहराबाहेरचा जमिनीचा एक तुकडा, दोन खोल्या, एक गोठा, त्यात एक म्हैस, तिची पारडी, चार शेळ्या, डझनभर कोंबड्या आणि एका डोळ्याचा कोंबडा. शिवाय काकूच्या नावाने एक पत्र. त्यात तीनच ओळी: 'जनावरं विकू नकोस. तुझ्या हाताखाली राहू देत. नाहीच जमलं, तर शेजारच्या आक्कांना दे, त्यांना कळतं.'

काकूने ते पत्र वाचून डोळ्यांना पदर लावला. काकांनी तेच पत्र वाचून चष्मा वर केला.

"या आक्का कोण?"

"शेजारच्या. दादाला दुखण्यात त्यांनीच जेवण दिलं. आठ शेळ्या आहेत त्यांच्या."

"म्हणजे आपल्याला जमलं नाही, तर फायदा त्यांचा."

"अहो, भाऊ गेलाय माझा."

"त्याचं वाईट वाटतंच आहे गं. पण तिसरी ओळ पुन्हा वाच."

असा एकसष्टाव्या वर्षी काकांचा पशुपालनाचा संसार सुरू झाला. काकूची बोटं सांधेदुखीने वाकलेली, म्हणून धार काढायची काकांनीच. जनावरांच्या डॉक्टरांच्या मदतनिसाकडून आठ दिवसांत ते शिकले. पहिल्या दिवशी म्हशीने त्यांच्याकडे मान वळवून जे बघितलं, ते काका अजून विसरले नाहीत. "चौतीस वर्षांत इतका तुच्छ कटाक्ष एकाही व्यापाऱ्याने टाकला नव्हता," असं त्यांचं म्हणणं. शेळ्यांपैकी थोरली तर त्यांच्या मते सरळसरळ पाळतीवर होती.

मेहुण्यांच्या हाताला म्हैस दिवसाला सात लिटर द्यायची. काकांच्या हाताला सहा आली. कुणीही म्हटलं असतं, हात नवा, माणूस नवा, म्हैस बुजली असेल. काका म्हणाले, "एक लिटर गेला कुठे?"

गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी खडूने रोजचं दूध लिहायला सुरुवात केली. पहिला संशय पारडीवर. ती रात्रीतून पिते म्हणून तिचं दावं टेपने मोजून दीड फूट कमी केलं. दूध वाढलं नाही. मग संशय बादलीवर. ती पाण्याने भरून तोलून बघितली. बादली निर्दोष सुटली. मग राहिल्या आक्का.

आक्का म्हणजे पासष्टीच्या, काटक, कमरेत थोड्या वाकलेल्या. पहिल्याच आठवड्यात कुंपणाशी येऊन म्हणाल्या होत्या, "साहेब, काही अडलं तर हाक मारा बरं का."

काका म्हणाले, "अडणार नाही."

"अडू नये असंच म्हणतेय मी."

"तसं म्हणणाऱ्यांच्या मनात वेगळं असतं, असा माझा अनुभव आहे."

आक्कांनी काकूकडे बघितलं. काकूने कोंबड्यांकडे बघितलं.

त्या रात्री कुणी शिरतं का हे कळावं म्हणून काकांनी गोठ्यासमोर पीठ भुरभुरवलं, पावलांचे ठसे मिळावेत म्हणून. सकाळी पीठही नाही आणि ठसेही नाहीत. पुरावा कोंबड्यांनी खाल्ला होता. मग फाटकाला काळा दोरा आडवा बांधला. तो काकूने सोडला, नीट गुंडाळला आणि शिवणाच्या डब्यात ठेवला.

शेवटी काकांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. नोकरीत त्यांचा एकच नियम होता: तपासणीला कधी वेळ सांगून जायचं नाही. चोराला वेळ कळली की चोरी जमते. म्हणून त्यांनी धारेची वेळ रोज बदलायला घेतली. आज सकाळी साडेपाच, उद्या सव्वाआठ, परवा सात. संध्याकाळी कधी पाच, कधी आठ. बादली पाठीमागे लपवून, चपला हातात घेऊन ते गोठ्यात शिरायचे. म्हैस दचकून उठायची.

दूध सहावरून पाचावर आलं. काकांनी वेळा आणखी बदलल्या. दूध साडेचार लिटरवर आलं.

"बघितलंस? बाई हुशार आहे. आपण वेळ बदलली की तीही बदलते."

"अहो, जनावराला ठरलेली वेळ लागते म्हणतात."

"कोण म्हणतात?"

काकूची नजर कुंपणाकडे गेली.

"आक्काच ना? तिचे हितसंबंध आहेत यात!" आणि मग काकांनी निकाल देऊन टाकला. "हे बघ, अंदाजपंचे संसार मला जमत नाही. या महिन्याची सरासरी रोजी पाच लिटरच्या खाली गेली, तर पत्राप्रमाणे जनावरं आक्कांना देऊन टाकू आणि आपल्या शहरातल्या खोल्यांत परत जाऊ. चोरून घेण्यापेक्षा उजळ माथ्याने घेऊ देत."

त्या दिवशी काकू बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. दादाच्या हातचं आता जगात तेवढंच उरलं होतं.

मी महिनाअखेरीला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा महिन्याचे दोन दिवस उरले होते. दारावरचा खडूचा आकडा चार लिटरच्या आसपास रांगत होता. जेवताना काकूने माझ्या पानात दही वाढलं. सुरीने कापावं असं घट्ट.

"घे, घे," काका म्हणाले. "आक्का पाठवते रोज. मी आधी नीट तपासलंय, निर्भेळ आहे. बाईचं बाकी काही असो, तिची म्हैस उत्तम आहे."

काकूला ठसका लागला.

जेवण झाल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. "तू वेळेवर आलास. मला पंच पाहिजे."

"कशाला?"

"धाड घालायची. पंचाशिवाय धाड ग्राह्य धरत नाहीत."

त्यांचा तर्क असा होता. ते स्वतः दिवसभर केव्हाही गोठ्यात जातात. फक्त तीन ते साडेचार ते झोपतात. त्यांच्या दिवसात वेळेवर होणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. म्हणजे चोरी होत असेल तर तेव्हाच. म्हणून तीन वाजता अंथरुणात उशीवर उशी ठेवून, वर चादर पांघरून आम्ही मागच्या दाराने निघालो. मी पन्नाशीचा, ते एकसष्टचे. शिडीने गोठ्याच्या माळ्यावर चढलो आणि गवताच्या पेंढ्यांत आडवे झालो. काकांनी वही-पेन्सिल काढली. माझ्या नाकात गवत गेलं.

"शिंकायचं नाही," काका कुजबुजले. "एका शिंकेने माझी साखरेची केस गेली होती."

चार वाजायला आले तशी खाली म्हैस उठून उभी राहिली. कुणी आलेलं नव्हतं. तिने कान टवकारले, फाटकाकडे तोंड केलं आणि रवंथ थांबवला. मग कडी वाजली. काकांनी माझा दंड आवळला.

कडी काढून आत आली ती काकू. तिच्या मागून तांब्या घेऊन आक्का.

"झोपलेत का?" आक्कांनी विचारलं.

"ढाराढूर. डोक्यावरून पांघरूण घेऊन."

"सरक गं बाई," हे म्हशीला. आक्का बसल्या, पारडी जरा प्यायला लावली, मग बाजूला घेतली, कासेला पाणी लावलं आणि धार सुरू झाली. सर्र, सर्र, एका लयीत. म्हैस डोळे मिटून उभी. काकांच्या हाताखाली ती आयुष्यात कधी अशी उभी राहिली नव्हती.

"आज कास कालच्यापेक्षा मऊ आहे," आक्का म्हणाल्या. "दगडासारखी झाली होती. अजून चार दिवस गेले असते तर म्हैस हातची गेली असती."

"परवा महिना संपतो आक्का. चारच भरतंय. ते बोलले की तसंच करतात." काकूचा आवाज ओला झाला. "तुम्हीच घेऊन जाल हो हिला."

"मी कुठे ठेवू? माझी कंबर शेळ्यांनाच पुरत नाही. आणि तुम्ही गेलात तर मी बोलू कुणाशी, शेळ्यांशी?"

इथे काकाच शिंकले.

मग काका शिडीवरून उतरले. शिडी उतरताना माणसाची पाठ आधी दिसते, त्यामुळे धाडीचा दरारा फारसा राहिला नाही. केसांत गवत होतं.

"हलवू नका काही!" ते म्हणाले. "पंच आहेत वर."

"पंचांनाही खाली बोलवा," आक्का म्हणाल्या. धार थांबली नव्हती. "आणि जरा बाजूला उभे राहा साहेब, अंधार येतोय."

"तुम्ही माझी म्हैस पिळताय!"

"पिळतेच आहे. तुम्ही पिळत नाही म्हणून. यांचा दादा सकाळी पाचला आणि दुपारी चारला बसायचा. एवढी वर्षं. म्हशीचं घड्याळ पोटात असतं. तुम्ही आज आठला, उद्या साडेपाचला, चपला हातात घेऊन! धाड कुणावर घालताय? म्हशीवर? ती बिचारी पान्हा घालते चारला आणि साहेब झोपलेले."

काका काकूकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मीच बोलावलं त्यांना. कास बघवेना. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, हितसंबंध."

"आणि हे दूध जातं कुठे?" काकांनी शेवटचा हुकमी प्रश्न टाकला.

काकूच म्हणाली, "तुम्ही खाता. दही लावून."

"ते आक्कांच्या म्हशीचं..." काका म्हणाले आणि थांबले. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासलेला तो माणूस कुंपणापलीकडे बघत राहिला. तिथे आठ शेळ्या चरत होत्या. म्हशीचं नावही नव्हतं.

"जनावराला पुरतं, तुम्हाला पुरतं," आक्का उठत म्हणाल्या. "मी थेंब ठेवला नाही. विरजण तेवढं माझं."

काका बराच वेळ दारावरचे खडूचे आकडे वाचत राहिले. मग विचारलं, "रोज किती काढता?"

"एक तांब्या. कधी वर थोडं."

"तांब्या केवढा?"

"तांब्याएवढा."

काकांनी डोळे मिटले. असल्या मापांचे त्यांनी आयुष्यभर खटले भरले होते. मग त्यांनी तांब्या हातात घेतला, दूध बादलीत ओतलं, आपलं लिटरचं माप आणलं आणि तांब्यात पाणी भरून मोजलं. दीड लिटर, वर जरा. आक्का येत असलेले दिवस काकूने बोटांवर सांगितले: बावीस. काकांनी खडू घेतला, दाराशी उकिडवे बसले आणि बेरीज-भागाकार केला. रोजची सरासरी पाच लिटर, आणि वर थोडं. ते 'वर थोडं' सगळं आक्कांच्या 'कधी वर थोडं' वर उभं होतं, ज्याला कागदावर काही आधार नव्हता.

काकांनी आकड्यापुढे खडू टेकवला, थांबले, आणि लिहिलं: 'अंदाजे'. चौतीस वर्षांत हा शब्द त्यांच्या हातून कधी उतरला नव्हता. अक्षर थोडं वाकडं आलं.

"राहिली मग म्हैस," काकू म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना काका चपला घालून, बादली समोर धरून, राजरोस गोठ्यात गेले. कुंपणापलीकडे आक्का पाठ करून उभ्या होत्या, पण मान वळलेली होती. पहिल्या धारेचा आवाज आला तेव्हा त्या शेळ्यांकडे गेल्या.

संध्याकाळी काकूने विचारलं, "आता दही घरीच लावू का?"

"नको," काका म्हणाले. "विरजण त्यांचं चांगलं आहे. दूध त्यांच्याकडेच दे." मग जरा विचार करून हळूच म्हणाले, "पण तांब्या आपला वापर. आणि त्या थोरल्या शेळीकडे लक्ष ठेव. काहीतरी शिजतंय तिच्या मनात."