कॉन्फरन्सकाकांची फेरमांडणी

पहिल्याच भेटीत मी कॉन्फरन्सकाकांच्या कागदावर कांदाभजी निथळायला काढली. कागद ओट्यावर पडला होता आणि लोकांच्या स्वयंपाकघरात मदत करायची मला भारी हौस. काकांनी भजी बाजूला केली, तेलकट कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "बाकी वाचतंय. ओहायो तेवढं गेलं."

काका म्हणजे आमच्या अर्विंग गावातले रिटायर्ड इंजिनिअर. काकू गेल्यापासून एकटे. इथली कॉलेजं दरवर्षी ज्या गटात आपापसांत अमेरिकन फुटबॉल खेळतात, तो गट म्हणजे कॉन्फरन्स. टीव्हीच्या पैशापायी कॉलेजं जुने शेजारी सोडून पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या गटांत जायला लागली, तसं काकांचं एका जागी बसणंच संपलं. चहाचा कप घेऊन घरभर येरझाऱ्या घालत ते कागदावर अख्ख्या देशातल्या कॉलेजांची नवी मांडणी करायचे. त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

नियम एकच. "शत्रू कसा, सकाळी गाडीने जाऊन, हरवून, जेवायला घरी परत येता येईल एवढ्या अंतरावर हवा." इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी काय आणायचं हेही ते याच नियमाने ठरवत. लांबच्यांना कोशिंबीर, जवळच्यांना गरम पुऱ्या. आम्ही पाच मिनिटांवर राहतो. सात वर्षं पुऱ्या तळतोय.

त्यांचं कॉलेज आणि माझं कॉलेज हाडवैरी. शनिवारची मॅच टीव्हीवर बघायला मी त्यांच्याकडे. माझी टीम हरली की हातात डबा देत म्हणायचे, "श्रीखंड आहे. जखमेवर लाव."

यंदा काका जिन्यात पडले आणि पार दूरच्या श्रूजबरी गावाहून मुलगा न्यायला आला. "बाबा, धिस इज नॉट अ डिस्कशन." काका दोन दिवस कागद घेऊन फिरत राहिले. कागदावर आता कॉलेजांच्या जागी मुलगा, नातवंडं, डॉक्टर, मंडळ, मी. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर पेन्सिल ठेवली.

"सगळा देश बसवला रे. ही दोन गावं काही एका गटात बसत नाहीत."

मी म्हटलं, "काका, विमानाने येईन की मॅचला."

"मग तू पाहुणा झालास. पाहुण्याशी भांडता येतं का?"

एअरपोर्टवर ते मागे वळून न बघता आत गेले. परतताना मी दोनदा चुकीची एक्झिट घेतली. तिसऱ्यांदा घेतली तेव्हा बायको म्हणाली, "गाडी बाजूला घे आणि उतर. मी ड्राइव्ह करते, तू रडून घे."