वेळ मोजणारी मैत्रीण

आज वाचनालयात एक मुलगी गणिताचा सराव पेपर सोडवत होती. मोबाइलचा गजर झाला आणि तिने अर्ध्या गणितावर पेन खाली ठेवलं. उरलेल्या कोऱ्या जागेकडे ती बघत राहिली, आणि मला सुनंदा आठवली.

सुनंदा आणि मी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची तयारी एकत्र करायचो. तीन तासांचा पेपर, समोर घड्याळ. दर वेळी तिचा पेपर माझ्या आधी संपायचा. परीक्षेला महिना उरला असताना तिचं लग्न ठरलं. फॉर्म भरलेला होता, पण घरच्यांनी "आता कशाला परीक्षा?" म्हणून विषयच मिटवला. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आलीच.

"तू सोडव. मी वेळ मोजते," म्हणाली.

महिनाभर ती हातात पेन न घेता माझ्यासमोर बसली. एकदा शेवटचं गणित मला सुटेना. वेळ संपल्यावर तिने हळूच उत्तर सांगितलं. तिने ते मनातल्या मनात सोडवलं होतं. काही माणसांची बुद्धी अशी दुसऱ्याच्या कामी येऊन संपते, आणि आपण त्याला नशीब म्हणून मोकळे होतो.

निकाल लागला तेव्हा ती सासरी गेली होती. मी पेढे घेऊन तिच्या आईकडे गेले. काकूंनी पेढा घेतला आणि विचारलं, "आमची सुनंदा बसली असती, तर कितवी आली असती गं?"

"माझ्या आधी, काकू."

त्यांनी पेढा खाल्ला नाही. मुठीत तसाच धरून त्या दारात उभ्या राहिल्या.