काळ्या ब्लाऊजसाठी टेबल लॅम्प

लाल, पिवळा, मोरपंखी, कुठल्याही रंगाचा ब्लाऊज आणा, मी डोळे झाकून हूक लावीन, असा एके काळी माझा तोरा होता. पण काळा ब्लाऊज आला की कपाळ उठायचं. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने तुरपाई करणं काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. त्यात कळमनुरीतली आमची भाड्याची खोली. तिला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर शेजाऱ्यांनी कडब्याची गंजी लावलेली. भरदुपारीसुद्धा शिलाई मशीनवर धड उजेड पडत नसे.

दोन हजार सालाच्या आगेमागे जवळच्या डोंगरकडा गावची एक जुनी गिऱ्हाईक तिचा काळा ब्लाऊज परत घेऊन आली. तिच्या तिन्ही लेकींच्या लग्नातले ब्लाऊज मीच शिवले होते. तिने ब्लाऊज माझ्यापुढे पसरला. एक हूक वर, एक खाली, आणि तुरपाईचे टाके सुलट्या बाजूने दिसत होते.

"ताई, हे तुमच्या हातचं न्हाई वाटून राहिलं," ती हळूच म्हणाली.

ती भांडली असती तर परवडलं असतं. स्टँडजवळ एक नवी बाई मशीन टाकून बसली होती आणि माझी गिऱ्हाइकं एकेक करून तिच्या दारात दिसायला लागली होती. पंधरा वर्षं खपून मिळवलेलं नाव माझ्या डोळ्यांदेखत उसवत चाललं होतं. मला घास गोड लागेना.

त्या दिवशी मी आमच्या ह्यांना सांगितलं, मला टेबल लॅम्प पाहिजे. मान वळवता येईल असा, टिकाऊ, आणि आपल्या ऐपतीतला. हे एसटीत कंडक्टर. नांदेड, परभणी, वसमत, जिथे गाडी जाईल तिथून काहीबाही आणायची ह्यांना भारी हौस. ज्या बाईला वस्तू वापरायची तिला दुकानात न्यावं, हे काही ह्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. गाडी सुटायच्या आधी दहा मिनिटांत जे हाताला लागेल ते आमच्या घरी यायचं.

पहिला लॅम्प आला चिमट्याचा. चिमटा नाजूक आणि माझ्या मशीनची फळी जाड, त्यामुळे तो तिथे बसेना. खिडकीच्या गजाला लावला तर बसला, पण मग सगळा उजेड शेजाऱ्यांच्या कडब्यावर. त्याची मान वळायची खरी, पण वळवली तिथे राहायची नाही. मी टाका घालतेय तोवर हळूहळू झुकत येऊन डोक्याला टेकायची.

दुसरा लोखंडी टोपाचा, आत साठचा बल्ब. एप्रिल महिन्यात त्याच्याखाली बसणं म्हणजे चुलीत डोकं घालणं. तिसऱ्याच दिवशी टोप कपाळाला लागला आणि चांगला रुपयाएवढा फोड आला. मी तो फोड घेऊन ह्यांच्यापुढे उभी राहिले, तर म्हणाले, "पण मजबूत हाय का न्हाई?"

तिसऱ्याची तर गोष्टच सोडा. प्लॅस्टिकचा, गुलाबी. त्याच्या बुडात पेन ठेवायला जागा, शेजारी घड्याळ, आत बोटभर ट्यूब. सगळं होतं, बुडाला वजन तेवढं नव्हतं. मी पायाने मशीन चालवली की हा थरथरत फळीच्या कडेला जायचा आणि खाली उडी घ्यायचा. दुसऱ्या उडीत मान मोडली.

"अहो, दुकानात तुमी दिवा लावून तरी बघता का?"

"बघतो की. मस्त लागतो."

"त्याच्याखाली सुई ओवून बघितली का?"

"मी काहून सुई ओवू? मी कंडक्टर हाय."

प्रत्येक लॅम्प आणला की हे दारात उभे राहून मी सुई ओवेपर्यंत बघत राहायचे. मला वाटायचं, शाबासकीसाठी थांबलेत. मग तर माझा जास्तच संताप व्हायचा.

शेवटी एका सोमवारी मीच एसटीत बसून हिंगोलीला गेले. पिशवीत तो परत आलेला काळा ब्लाऊज, दोऱ्याचं रीळ आणि सुई. बाजारातल्या दुकानदाराला म्हटलं, असतील तेवढे टेबल लॅम्प काढा. एकेकाचं बूड उचलून वजन बघितलं, मान वर-खाली केली, सांध्याचा पेच घरच्या पेचकसाने आवळता येईल का ते विचारलं. मनात भरला तो दोन सांध्यांचा, स्प्रिंगचा, जड बुडाचा. जिथे थांबवावा तिथे थांबत होता. त्याच्याखाली स्टुलावर बसून मी सुई ओवायला घेतली.

दोरा जाईना. दोऱ्याला पीळ दिला, ओला केला, तरी जाईना. मी दुसरा लॅम्प लावायला लावला, मग तिसरा. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. मी तडकले, "असले बिनउजेडाचे दिवे विकता काहून?"

दुकानदार म्हातारा माणूस, केस पांढरे झालेला. त्याने नाकावरचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "बाई, दिवा बराबर हाय. हे लावून बघा जरा."

पहिल्याच खेपेला दोरा आत गेला. मग मी ब्लाऊज दिव्याखाली धरला आणि माझे टाके मला पहिल्यांदा नीट दिसले. माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना मी उठता-बसता ऐकवायचे, नाचता येईना अंगण वाकडं. आता भर दुकानात माझ्या कानशिलांना चटके बसले. लॅम्प तोच स्प्रिंगचा घेतला आणि चष्मा परत देऊन बाहेर पडले.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "मला चष्मा लागला. डॉक्टरकडं जायला पाहिजे." हे नुसते "व्हय" म्हणाले. नवल वाटल्याची खूण नाही. माझं डोकं पुन्हा फिरलं.

"तुमाला ठाऊक होतं?"

"लई दिवस झाले. तांदूळ निवडताना ताट लांब धरतीस."

"मग बोलले काहून न्हाईत? तीन-तीन दिवे काहून आणले?"

हे पायातला बूट काढत होते. तो हातात धरूनच म्हणाले,

"तू सगळ्यांना म्हणत ऱ्हातीस, हातात सुई अन् डोळ्यात नजर हाय तवर मी कुणाची मिंधी न्हाई. त्यात नजर गेली म्हणून मी कसं सांगू? वाटलं, दिव्यानं भागलं तर भागू दे."